दोन राज्यांचा एक प्लॅटफॉर्म

आमच्या स्टेशनवर गाडी येत नाही, म्हणून किस्से साचतात. रुळांवरचा गंज घासून तरी निघतो. किस्से दर शनिवारी नवा थर धरतात!

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाहून दोन-अडीच तासांवर, डोंगरात आहे ते. राज्यांची हद्द प्लॅटफॉर्मच्या मधोमध : एक बाजू क्वीन्सलंडची, दुसरी न्यू साउथ वेल्सची. पूर्वी दोन्हीकडच्या रुळांची रुंदी वेगळी होती. त्यामुळे सगळे इथे उतरायचे, सामानासकट प्लॅटफॉर्म ओलांडून समोरच्या गाडीत बसायचे. आता कुठूनच काही येत नाही. कौन्सिल म्हणते, वापर नसेल तर पाडू.

मी इंग्लंडात जुन्या इमारतींचं जतन शिकून नुकतीच घरी परतलेली. "मी असेपर्यंत पाडून दाखवा!" म्हणाले आणि टूवूंबाच्या मराठी मंडळींच्या हातात शनिवारचे झाडू दिले.

*

पहिल्याच दिवशी तिकीटखिडकीसमोर भाषण ठोकलं, "प्रत्येक वास्तूला आत्मा असतो!"

नीलाकाकू हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर, त्यांचा आवाज कधी चढत नाही. "आत्म्याचं नंतर बघू. आधी खिडकीतला साप बघ."

मी धूम ठोकली. मागून वसईचे फिलिपकाका ओरडले, "अगं पोरी, थांब! तिकीट देतोय तो!"

*

मग मी मूळ रंगाच्या शोधात भिंत खरवडली. फोटो काढले, भिंग लावलं आणि जाहीर केलं, "सापडला! फिकट तपकिरी!"

काकू म्हणाल्या, "तो माझा मघाचा चहा."

*

सिडनीच्या वेंटवर्थव्हिलहून माझी आत्या आली, छान साडी नेसून, स्टेशन 'बघायला'. काकूंनी तिला प्लॅटफॉर्मच्या पलीकडे नेलं.

"सिडनीवाले ना तुम्ही? मग हे तुमचं राज्य. झाडू कोपऱ्यात आहे."

*

उन्हाळ्यात न्यू साउथ वेल्सचं घड्याळ तासभर पुढे जातं, क्वीन्सलंडचं नाही. एकदा फिलिपकाका त्या बाजूला एक वाजता जेवले. मग क्वीन्सलंडच्या बाजूला येऊन इथे एक वाजायची वाट बघत बसले, आणि वाजताच पुन्हा डबा उघडला.

"काका, परत?"

"छे! दर राज्यात एकदाच!"

*

शेवटी कौन्सिलच्या बाई पाहणीला यायच्या होत्या. मी लॅपटॉपभर स्लाइड्स केल्या. दुपार झाली तरी बाईंचा पत्ता नाही आणि लॅपटॉपची बॅटरी संपली. मी रडकुंडीला आले. मंडळी म्हणाली, "चला, निघू या."

आता, मराठी माणूस 'निघतो' म्हणाला की काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. खांद्याला पिशव्या, हातात डबे, कडेवर पोरं, आणि सगळे प्लॅटफॉर्मवर उभे राहून गप्पा मारतायत. कोणी हलेना!

तेवढ्यात बाई आल्या, हातात पाडकामाची फाईल. एवढी गर्दी आणि सामान पाहून त्या थबकल्या.

"गाडी येते इथे?"

फिलिपकाकांनी एकदा या बाजूचे रूळ पाहिले, एकदा त्या बाजूचे.

"अजून तरी लेट आहे, मॅडम."

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. फाईल पिशवीत घातली, बाकापुढे उभ्या असलेल्या काकूंना जरा सरकायला सांगितलं आणि बाकावर बसल्या.

"नो वरीज. मग थांबते मीही."