पाळण्याचा तावीज

आखातातल्या मत्राच्या बाजारात जुनी चांदी विकणारा तो रत्नागिरीकडचा माणूस गिऱ्हाइकाला कधी रिकाम्या हाती जाऊ देत नसे. आम्ही अझैबातल्या घरून गेलो की आधी काहवा, म्हणजे वेलदोड्याची कॉफी, पाजायचा. मग "बघून तर घ्या भाऊ" म्हणत तुर्कमेनी कडी, बाजूबंद, गळ्यातले जाड पट्टे समोर मांडत राहायचा. बोलताना हात चांदी पुसत असत, नजर गिऱ्हाइकाच्या बोटांवर.

त्या दिवशी बायकोने चांदीच्या टिकल्या जडवलेली एक चामड्याची पिशवी उचलली. आत तावीज शिवलेला होता. तिला सातवा महिना होता. "बाळाच्या पाळण्याला बांधू," ती म्हणाली.

त्याने पिशवी हळूच तिच्या हातातून काढून घेतली. "ही नको ताई. दुसरं काहीही घ्या."

ती कानातली बघायला वळली, तेव्हा मी हळूच विचारलं, "का हो?"

"मूल जगलं तर आई हे विकत नाही, भाऊ. जपून ठेवते. बाजारात येतात ती..." त्याने पिशवी खाली टोपलीत टाकली.

माझी नजर त्याच्या पायाशी गेली. टोपली तशाच पिशव्यांनी भरलेली होती. बायको वळायच्या आत त्याने ती पायानेच काउंटरखाली सरकवली.