दोन किलो बारदाना

गेल्या सोमवारी शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडून बसलो होतो. तपासायचे पेपर बाजूला ठेवून सायकलवाल्यांचा निकाल लावत होतो... खरं सांगतो, वीट आला होता.

आमचा एक सायकलचा ग्रुप आहे. कोणी परतूरचं, कोणी वाटूरचं, कोणी अंबडकडचं. महिन्यातल्या एका रविवारी ज्याने त्याने आपापल्या रस्त्यावर वीस किलोमीटर मारायचे आणि मोबाईलवरची वेळ मला पाठवायची. पहिला येईल त्याचा फोटो महिनाभर ग्रुपचा डीपी. बक्षीस एवढंच.

पण पंचावन्न किलोचा माणूस आणि शंभर किलोचा माणूस, दोघांना एकच हिशोब कसा लावणार? एकाचा रस्ता नवाकोरा, दुसऱ्याच्या रस्त्यात नुसते खड्डे. एकाला वारा पाठीवर, दुसऱ्याला तोंडावर... मी गणिताचा मास्तर, त्यामुळे कोणाला किती ग्रेस द्यायची हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वजनाला ग्रेस, वयाला ग्रेस, रस्त्याला ग्रेस, वाऱ्याला ग्रेस. सत्तरच्या वर दर किलोला वेळेतून दहा सेकंद वजा, असं सगळं एक्सेलमध्ये बसवलं.

वाटलं होतं, सगळे खूश होतील. आठ महिन्यांत एक माणूस खूश झाला असेल तर शपथ. एकाला कुत्री मागे लागतात म्हणून ग्रेस हवी, एकाला रस्त्यात लग्नाचा मांडव होता म्हणून. नाचता येईना अंगण वाकडं... आणि अंगण किती वाकडं ते मोजायला मी.

तर या महिन्यात शीटवर पहिले येत होते वाटूरचे रफिकभाई. ते टेलर आहेत. शुगर निघाली, डॉक्टरांनी दम दिला आणि त्यांनी सायकल धरली. वजन एकशे चार, म्हणून ग्रेस ग्रुपमध्ये सगळ्यांत जास्त. दुसरा होतो मी. आजवर माझा फोटो एकदाही लागलेला नाही.

आता मनातलं सांगतो. मागे नाश्त्याला भेटलो तेव्हा रफिकभाईंची पँट मला ढगळ दिसली होती. माणूस उतरलाय आणि ग्रेस मात्र जुन्या वजनाची घेतोय, असं डोक्यात बसलं. म्हणून निकालाआधी ग्रुपवर मेसेज टाकला... सर्वांनी ताजं वजन पुराव्यासह पाठवावं. नाव कोणाचंच घेतलं नाही. पण लेकी बोले सुने लागे, ज्याला कळायचं त्याला कळलं.

बाकीच्यांनी वजनकाट्याचे फोटो पाठवले. रफिकभाई त्या सोमवारी स्वतःच आले, वाटूरहून सायकल मारत. घाम पुसला आणि खिशातून घडी घातलेली पावती काढली. घरी वजनकाटा नाही, म्हणून मोंढ्यात ओळखीच्या आडत्याकडे धान्याच्या काट्यावर उभे राहिले होते.

"घ्या सर. एवढं उतरलंय हे मलाबी ठाऊक नव्हतं. न्हाईतर आधीच सांगितलं असतं."

पावतीवर शहाण्णव. मी आकडा टाकला आणि शीट हललं. मी पहिला, अकरा सेकंदांनी. रफिकभाई दुसरे.

वाईट वाटायला हवं होतं. आनंद झाला... कशाला लपवू.

रफिकभाई स्क्रीनकडे बघत होते. "बराबर आहे," म्हणाले. मग खाली बघत, "सर, मी दिवसभर लोकायचे मापं घेतो. माझं माप मी खोटं कशाला देऊ?"

मी चहा सांगितला. चहा येईपर्यंत त्यांच्याकडे बघायला नको म्हणून पावतीच वाचत बसलो.

त्यात लिहिलं होतं... एकूण वजन अठ्ठ्याण्णव, वजा बारदाना दोन, निव्वळ शहाण्णव. मोंढ्यात मालाच्या वजनातून रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतात, तोच बारदाना. काटेवाल्याने सवयीने तो माणसाच्या वजनातूनही वजा केला होता.

दोन किलो म्हणजे वीस सेकंद. म्हणजे रफिकभाई पहिले, नऊ सेकंदांनी.

"हे दोन किलो कसले, रफिकभाई?"

"कपड्याचे आन् चपलेचे धरले असतील त्यानं. मी म्हणलं, कटू द्या. मंग उगं कोनाला डाऊट नको."

आमच्याकडे सगळ्यांचं वजन कपड्यांसकटच धरतात. हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. पावती घडी करून ड्रॉवरमध्ये टाकली असती तर विषय संपला असता. अर्धा मिनिट मी तसाच बसून राहिलो, आणि त्या अर्ध्या मिनिटात माझा फोटो डीपीवर कसा दिसेल हेही बघून झालं. मग अठ्ठ्याण्णव टाकलं. फार मोठं काही केलं असं वाटलं नाही, फक्त थकवा आला.

"जाऊ द्या ना सर, दोन किलोनं काय होतंय," रफिकभाई म्हणाले. मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. ते बराच वेळ स्वतःचं नाव वाचत राहिले. मग विचारलं, "फोटो टोपी घालून चालंल का?"

निकाल लावला. सर स्वतः दुसरे आले तरी खरा निकाल लावला, असं ग्रुपवर तीन दिवस माझं कौतुक चाललंय. अंगठे, फुलं, हात जोडलेले... एकेक बघतो आणि मान खाली जाते.

कारण ताज्या वजनाचा तो मेसेज सर्वांसाठी नव्हता. एका माणसासाठी होता, आणि तो माणूस स्वतःच्या वजनातले दोन किलो कापून देऊन माझ्यासमोर बसला होता. ग्रुपवर हे लिहायचा धीर झाला नाही, म्हणून इथे लिहितोय. रफिकभाई, मी तुमच्यावर शंका घेतली. माफ करा.