खुंटीवरची कात्री

माझ्या आत्याला कुणी "छान झालंय" म्हटलं की ती त्या माणसाकडे जरा संशयाने बघते. लहानपणी मला वाटायचं, हिला कौतुक सोसत नाही. पुढे कळलं की कौतुकाचं तिला वावडं नाही, पण ते फार लवकर आलं की तिचा त्यावर विश्वास बसत नाही.

आत्या इस्पितळाच्या शिवणखोलीत काम करते. खोली तळघरात आहे, धुलाईखात्याला लागून. पलीकडे मोठी यंत्रं घरघरत असतात, त्यामुळे मधली भिंत हाताला कायम कोमट लागते. चादरी, अभ्रे, पेशंटचे गाऊन, सगळं इथेच शिवलं जातं आणि फाटलं की इथेच परत येतं. दाराशेजारी भिंतीत एक खुंटी आहे आणि त्या खुंटीला दोरीने बांधलेली एक कात्री.

या खुंटीची एक रीत आहे. कुणाला काही नवं सुचलं तर त्याचं वर्णन करत बसायचं नाही. शिवायचं आणि टांगायचं. ज्याला जिथे खोट दिसेल त्याने तिथे कात्री लावायची आणि मग का लावली ते सगळ्यांसमोर सांगायचं. कापणाऱ्यावर रागवायचं नाही. अगदीच राग आवरत नसेल तर घरी जाऊन भांडी आपटावीत. ही रीत कुणी पाडली ते आत्यालाही ठाऊक नाही. ती नोकरीला लागली तेव्हा खुंटी होतीच, आणि तिने टांगलेला पहिला अभ्रा संध्याकाळी चाळणी होऊन तिच्या हाती आला होता.

त्यातली बहुतेक भोकं काजवालीची होती. काजवाली कोमट भिंतीजवळच्या यंत्रावर काजं करते, आणि खुसपट काढण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. ती आणि आत्या रोज एका टेबलावर डबा खातात. खाताना एकमेकींच्या कामाबद्दल इतकं वाईट बोलतात की नव्याने आलेल्या बायका मध्ये पडून समजूत घालायला बघतात.

गाऊनची गोष्ट बाबांच्या खांद्यापासून सुरू झाली. त्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा आत्या त्यांना भेटायला वरच्या मजल्यावर गेली होती. गाऊन बदलायचा होता आणि छातीशी बांधलेला बाबांचा हात पट्टी सोडली तरी वर होत नव्हता. नर्सने दोनदा प्रयत्न केला, बाबांनी दात आवळले, शेवटी तिने कात्री घेऊन बाही खांद्यापासून खाली सरळ कापून काढली. बाबा ओशाळले. आत्या ती कापलेली बाही हातात घेऊन उलटसुलट करत बसली.

"तुला माझ्या खांद्यापेक्षा त्या चिंधीची काळजी," बाबा म्हणाले.

"खांद्याकडे डॉक्टर बघतायत, दादा. चिंधीकडे कोण बघणार?"

खाली येऊन तिने दुरुस्तीचा ढीग उपसला. बरेचसे गाऊन तिथेच गेलेले, खांद्यापासून कोपरापर्यंत. फाटलेल्या कापडाला दोरे लोंबतात, यांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या सरळ होत्या. इतकी वर्षं ती हे गाऊन शिवत होती आणि हलकं कापड आणणाऱ्यांना शिव्या घालत होती.

तिला सुचलं ते काही एकदम सुचलं नाही. बसच्या रांगेत उभी राहून ती स्वतःच्या बाहीवर बोट फिरवत राहायची. धुलाईखात्यात जाऊन विचारून आली. हूक गंजतात, बटणं इस्त्रीच्या रुळाखाली चिरडतात, असं तिथल्या माणसाने सांगितलं. म्हणून मग कापडी बंद. गळ्यापासून खांद्यावरून बाहीच्या टोकापर्यंत उघडणारा गाऊन, आणि तो बांधायला बंदांच्या जोड्या. हात उचलावाच लागणार नाही, गाऊन नुसता अंगावर पसरायचा. तो शिवून होईपर्यंत बाबांचा खांदा बरा होऊन ते घरी पोचले होते. आत्याने एका सकाळी गाऊन खुंटीला टांगला आणि आपल्या यंत्रावर जाऊन बसली.

त्याच सकाळी गळका नळ बघायला व्यवस्थापक साहेब खाली आले. माणूस वाईट नाही, हे आत्या आजही आवर्जून सांगते. त्यांनी गाऊन बघितला, दोन प्रश्न विचारले, त्यांचा चेहरा उजळला. नव्या विभागाचं उद्घाटन जवळ आलं होतं आणि दाखवण्यासारखं काहीतरी त्यांना हवंच होतं. कुणाची कात्री लागायच्या आत गाऊन खुंटीवरून निघाला. दुपारी वरून निरोप आला की सगळ्यांना फार आवडलाय, नव्या विभागातल्या प्रत्येक खाटेवर हाच हवा. संध्याकाळी साहेब स्वतः येऊन म्हणाले, "बाई, तुमच्या प्रमुख निवृत्त होतायत. ती जागा तुमचीच समजा." बायकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याचं लक्ष रिकाम्या खुंटीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिने काजवालीला विचारलं, "तू का गप्प?"

"मी काय बोलणार? छान झालाय गाऊन."

"तुझ्या तोंडून छान?"

"मग काय करू? साहेबांनी डोक्यावर घेतलेल्या कपड्याला कात्री लावू? उद्या तू माझी प्रमुख होणार. मला काय वेड लागलंय?"

त्या संध्याकाळी आत्या आमच्याकडे आली आणि चहा गार होईपर्यंत कपाकडे बघत राहिली.

"बढती मिळतेय आणि तोंड पाडून काय बसलीस?" बाबा म्हणाले.

"दादा, त्याला एकसुद्धा कात्री लागली नाही."

"म्हणजे चांगला झालाय."

"म्हणजे कुणी बघितलाच नाही."

सकाळी ती कामावर गेली तेव्हा कापायच्या टेबलावर नवं कापड थरांवर थर पसरून तयार होतं. वर खडूने तिच्याच गाऊनच्या रेघा मारलेल्या होत्या. आत्याने त्या रेघांवर हात ठेवला आणि म्हणाली, "हे मी कापणार नाही. कुणी कापायचंही नाही."

निरोप वर गेला. साहेब नमुन्याचा गाऊन हातावर टाकूनच खाली आले.

"बाई, गाऊन तुमचा, आणि अडवताय पण तुम्हीच?"

"दुसऱ्या कुणाचा असता तरी अडवला असता."

"खोट काय आहे त्यात?"

"मला दिसत नाहीये."

"मग?"

"मग तेच तर. शिवलाय मी. मला कशी दिसेल? एक दिवस खुंटीवर राहू द्या."

"वर सगळ्यांनी बघितलाय. सगळ्यांना आवडलाय."

"घालून कुणी बघितलाय?"

साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "उद्घाटन खुंटीसाठी थांबत नाही हो. आणि त्या जागेसाठी मी तुमच्या नावाने शब्द टाकलाय. तो मागे घ्यायला लावू नका."

"घ्या मागे," आत्या म्हणाली.

तिने त्यांच्या हातावरचा गाऊन उचलला आणि खुंटीला टांगला. कात्रीची दोरी सोडली आणि कात्री काजवालीच्या मांडीवर ठेवली.

"आज तू कापलं नाहीस ना, तर तुझ्या काजांना मी जन्मभर छान म्हणेन."

"धमकी देतेस?"

"हो."

काजवाली उठली. खुसपट काढायचं तर नीट काढायचं, हा तिचा बाणा. तिने एक पट्टी मागून घेतली. "बांध माझा हात. तुझ्या दादाचा बांधला होता तसा." उजवा हात छातीशी बांधून घेऊन ती टेबलावर बसली आणि आत्याने तिच्या अंगावर गाऊन पसरला. कुठे ओढाताण झाली नाही. कुणीतरी हलकेच वा म्हणालं.

मग काजवालीने डाव्या हाताने खांद्यावरचा बंद धरला. दुसरा शोधला. एक दुसऱ्यावर टाकला तर पहिला घसरला. तिने हनुवटीने एक दाबून धरला, तर तिला दुसरा दिसेना. सुरगाठ सोडाच, साधी निरगाठही बसेना. गाऊन तिच्या खांद्यावरून घरंगळत राहिला.

खोलीतली यंत्रं एकेक करून थांबली. तिथली प्रत्येक बाई दिवसभर न बघता गाठी मारते. दोऱ्याची गाठ, गठ्ठ्याची गाठ. श्वास घ्यावा तितकी सहज. गाठीला दोन हात लागतात हे त्यामुळेच कुणाच्या मनात आलं नव्हतं. एका हाताच्या माणसासाठी गाऊन शिवला होता तो दोन हातांच्या बाईने.

"नर्स बांधेल की," साहेब म्हणाले.

"आणि ती येईपर्यंत मी अशीच उघडी बसू?"

साहेबांनी गाऊन मागून घेतला. शर्टावरून अंगावर टाकला, एक हात पाठीमागे धरला आणि बराच वेळ झटापट केली. शेवटी एक बंद दातांत पकडून म्हणाले, "दातांनी जमतंय."

"कवळीवाल्याने काय करायचं?" काजवालीने विचारलं.

सगळ्या बायका हसल्या. साहेबांनाही हसू आलं आणि दातांतला बंद सुटला. काजवालीने मग सावकाश एकेक बंद मुळापासून कापून टेबलावर ठेवला. का कापला ते सांगायची गरज उरली नव्हती, पण रीत म्हणून तिने सांगितलं.

नव्या विभागाचं उद्घाटन जुन्याच गाऊनवर पार पडलं. प्रमुखाची जागा भांडारातल्या एका बाईंना मिळाली. बाबांचं आजही म्हणणं आहे की आत्याने हातचं घालवलं. वाईट वाटलं का, असं मी तिला एकदा विचारलं.

"वाटलं की. मी काय दगड आहे? जेवण जाईना. पण तो तसाच वर गेला असता तर त्या वॉर्डाच्या दारावरून मला मान खाली घालून जावं लागलं असतं. माझी मान आधीच मशीनवर वाकून दुखते."

पुढचा गाऊन दोघींनी मिळून केला. बंदांच्या जागी काजवालीने कापडाचीच मोठी, चपटी बटणं सुचवली आणि अंगठ्याने ढकलली तरी जातील अशी रुंद काजं. तो टांगल्यावर पहिली कात्री आत्याने चालवली: पेशंट कुशीवर वळला की खांद्यावरचं बटण टोचतं. काजवालीने घरी जाऊन भांडी आपटली असावीत. बटणं पुढे सरकली. मग धुलाईखात्याने कात्री लावली. मग एका नर्सने. जिन्याच्या तोंडाशी 'प्रवेश बंद' अशी पाटी होती, ती साहेबांनी काढून टाकली.

आता गाऊन काही खाटांवर गेलाय. एक मात्र खुंटीवरच असतो. सकाळी तो जसाच्या तसा दिसला की आत्या काजवालीला विचारते, "काय गं, बरं नाही का तुला?"

मागे एकदा मी आत्याचा विसरलेला डबा द्यायला तिथे गेले होते. दारात एक वयस्कर बाई उभ्या होत्या. अंगात तोच गाऊन, उजवा हात झोळीत.

"इथे कापायची मुभा आहे म्हणे," त्या म्हणाल्या.

आत्याने खुंटीकडे बोट दाखवलं. बाईंनी डाव्या हातात कात्री घेतली. कात्री उजव्या हाताची, पात्यांमध्ये कापड नुसतं दुमडत होतं. काजवाली उठू लागली, तिला आत्याने दंडाला धरून खाली बसवलं.

"मदत करू?" आत्याने लांबूनच विचारलं.

"नको. कापड तेवढं ताणून धरा."

आत्याने पुढे होऊन खुंटीवरच्या गाऊनची गळ्याची पट्टी दोन्ही हातांनी ताणून धरली. बाईंनी ओठ आवळले, पुन्हा कात्री लावली, आणि वाकडातिकडा का होईना, एक तुकडा कापून काढला.

"आता का कापलं ते सांगायचं ना?"

"सांगा," आत्या म्हणाली, आणि तिने आपलं स्टूल त्यांच्यापुढे सरकवलं.