घरच्या माणसाची काच

माझी वहिनी रक्त वाचते. इस्पितळाच्या तळमजल्यावर, खिडकीजवळच्या सूक्ष्मदर्शकापाशी तिची खुर्ची. काचेवर रक्ताचा थेंब पसरायचा, रंगवायचा आणि पेशी बघून सांगायचं, काय बिघडलंय. बाजारात टोमॅटोही ती असा निरखते की भाजीवाला म्हणतो, "ताई, घेताय की तपासताय?" आधीच सांगून टाकतो, तिच्याएवढं कणखर माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्या खोलीत एक रीत आहे: घरच्या माणसाची काच आपण वाचायची नाही. माया डोळ्यांवर येते. मला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा वहिनीनं माझ्या काचा मुकाट्यानं शेजारच्या सूक्ष्मदर्शकावरच्या बाईंकडे सरकवल्या. मला रागच आला होता.

आजार मात्र तिनंच समजावला. "भाऊजी, पेशीनं मोठं कधी व्हायचं, हे तिच्यातली काही प्रथिनं ठरवतात. एकमेकांच्या साथीनं ती जनुकं चालू-बंद करतात. तुमच्यात दोन प्रथिनांचे तुकडे जोडून भलतंच एक तयार झालंय. ते जनुकांवर ठाण मांडून बसतं, बाकीच्यांचं काही चालू देत नाही. मग पेशी अर्धवट वयातच अडकतात आणि नुसत्या वाढत सुटतात. गोळीनं ती पकड सुटते."

गोळ्या सुरू झाल्या आणि पांढऱ्या पेशी घटायच्या सोडून भराभर वाढल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. रोगापेक्षा इलाज भयंकर! डॉक्टरांनी सांगितलं, दादानं हात जोडले: सुरुवातीला असं होतं, गोळी सोडू नकोस. मी तोंड मिटलं ते मिटलंच, गोळी काही घेईना.

ते कळल्यावर वहिनी वर माझ्या वॉर्डात आली. तिनं मला चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि थेट तळमजल्यावर नेलं.

"तुम्ही बघणार?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"बघणार. नोंद मात्र तुमचीच राहू दे."

तिनं आधी माझी जुनी काच पाहिली, मग आज सकाळची. बराच वेळ पाहिली. मग माझी खुर्ची सूक्ष्मदर्शकापाशी ओढली. मला नुसते जांभळे ठिपके दिसले. तिनंच दाखवलं: जुन्या काचेत पेशींची केंद्रकं मोठी, भरगच्च, नवीत ती दुमडून पाकळ्यांसारखी होऊ लागलेली.

"आणि ही बारीक काडी दिसते? आजारी पेशीचीच खूण. म्हणजे या त्याच पेशी आहेत, भाऊजी. मोठ्या होताहेत. मोठ्या झाल्या की आपोआप मरतील."

"मग आधीच का नाही बघितलंस?"

"गोळी लागू पडली नसती, तर ते मला इथं दिसलं असतं," ती म्हणाली. "आणि वर येऊन तुमच्याशी खोटं बोलावं लागलं असतं."

मी हात पुढे केला. गोळी तिच्या मुठीतच होती, घामानं चिकट झालेली.