विलायती संघाविरुद्ध आमचा राखणदार

तूर भरडत होते. जात्याच्या पाळीत डाळ साचली की सुपात घ्यायची, पाखडायची आणि टरफलं गायीच्या घमेल्यात टाकायची. फाल्गुनातली सकाळ आमच्या मालेगावात अशीच जाते. शेजारची अमिनाबी बांगड्यांची टोपली उतरवून ओसरीवर बसली होती. मी आता बांगड्या भरत नाही, तरी गावात फिरायला निघताना ती आधी माझ्याकडे बसते.

तेवढ्यात माझे दीर किसनभाऊजी बाजारातून बातमी घेऊन आले. "वहिनी, आपला नारायण विलायतच्या गोऱ्यांसंग खेळून राह्यला! नागपूरले. फुटबॉल."

अमिनाबी घाबरली. "या अल्ला, गोऱ्यांसंग काहून? त्याले दुसरं कोनी भेटलं नाही?"

विलायतेहून एक संघ आगबोटीनं आला होता आणि शहरोशहरी सामने करत फिरत होता. नागपूरच्या कॉलेजांतून निवडलेल्या मुलांत माझा नारायण होता. मी म्हटलं, "चला, पाहून येऊ." भाऊजींना वाटलं, वहिनीला खेळाची हौस सुटली. खरं कारण मी त्यांना दमणी जुंपताना सांगितलं. नारायणाचे वडील गेल्यापासून दोन्ही वावरं भाऊजी एकटे ओढत होते, आणि माझं घर संध्याकाळी फार मोठं वाटायचं. मला मुलाला कायमचा परत आणायचा होता.

"तुमचा पोरगा, तुमी पाहा," भाऊजी बैलांकडे बघत म्हणाले. "पन सांगाचं तुमीच. मले नाही जमनार."

कोणाला असा प्रवास करायचा असेल तर ऐका. जऊळका स्टेशनापर्यंत दमणीनं जावं आणि पहाटे निघावं, म्हणजे बैलांना ऊन लागत नाही. तिथून लहान गाडी अकोल्याला जाते आणि अकोल्याला मोठी गाडी मिळते. शिदोरी मात्र दोन ठिकाणी बांधावी. मी आणि सोबत निघालेली अमिनाबी बायकांच्या डब्यात बसलो, भाकरी-ठेचा आमच्याजवळ आणि भाऊजी पुरुषांच्या डब्यात उपाशी. बडनेऱ्याला ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "काही उरलं का, का दोघीनंच उरकलं?" अमिनाबीनं भाकरी पुढे केली. "घ्या. आमी म्हटलं तुमी गोऱ्यायच्या काळजीत असान, जेवन जाईल नाही."

नागपूरला स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत उतरलो. जागा स्वच्छ आहे, पाणी मात्र आपल्या गडव्यातलं असलेलं बरं. संत्री इतकी स्वस्त की आम्ही ओटीभर घेतली.

पहिल्या दिवशी विलायती संघाचा सामना इथल्या गोऱ्या पलटणीशी होता. तिकीट दोन आणे. बायकांना दोरीपलीकडे वेगळी जागा होती. तिथे लुगड्यातली मी आणि बुरख्यातली अमिनाबी अशा दोघीच होतो, बाकीच्या साऱ्या छत्रीवाल्या मडमा. भाऊजी दोरीला खेटून बसले आणि थोड्या वेळानं वैतागले. "दोन्हीकडं गोरेच! कोनाची बाजू घ्याची मानसानं?" शेवटी त्यांनी पंचाची बाजू घेतली, कारण शिट्टी त्याच्याकडे होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या मुलांचा सामना. मी नारायणाला आम्ही आल्याचं कळवलं नव्हतं. मुलं मैदानात उतरली. दहाजण धावत सुटले आणि माझा मुलगा दोन खांबांच्या मधे जाऊन उभा राहिला.

"हा उभा काहून?" भाऊजी म्हणाले. "खेळू देत नाहीत का याले?"

शेजारच्या कॉलेजकुमारानं समजावलं, "गोलकीपर आहे तो. चेंडू आत जाऊ द्यायचा नाही, हेच त्याचं काम."

भाऊजींचा चेहरा पडला. "म्हंजे राखन! वहिनी, एवढा शिकाले धाडला, अन् यायनं त्याले राखनीवर बसवला. आपल्याकडं राखनीले म्हाताऱ्याले बसवतात."

मला तसं वाटलं नाही. मालक गेले त्या वर्षी ज्वारी मी राखली आहे. मचाणावरचा माणूस लांबून रिकामा बसलेला दिसतो, पण थवा कुठून उठणार हे त्याला थवा उठायच्या आधी कळावं लागतं. नारायण अगदी तसा उभा होता. वडिलांजवळ मचाणावर बसायचा तसा, मान थोडी पुढे काढून.

एवढ्यात तांबड्या केसांचा एक उंच गोरा चेंडू घेऊन थेट त्याच्यावर चालून आला. भाऊजींना राहवलं नाही. ते ताडकन उठले आणि पाखरं हाकलायची आरोळी त्यांनी पोटातून काढली, "हाऽऽ हुर्र! हाऽऽऽ हुर्र!"

सगळं मैदान वळलं. नारायणही वळला. गावची आरोळी नागपुरात ऐकू आल्यावर कोण वळणार नाही? चेंडू त्याच्या खांद्याशेजारून आत गेला.

अमिनाबी बुरख्यातून म्हणाली, "किसनभाऊ, गोऱ्यायनं तुमाले काय देलं?"

पण कॉलेजच्या पोरांना ती आरोळी फार आवडली. पुढच्या वेळी गोरे चालून आले तेव्हा शंभर गळ्यांतून "हाऽऽ हुर्र" निघालं, आणि या वेळी नारायण वळला नाही. त्यानं आडवी उडी घेऊन चेंडू छातीशी धरला. भाऊजी दोरी धरून नाचले. सामना आपण हरलो, चांगला मोठा हरलो, पण निघताना त्या तांबड्या केसवाल्यानं येऊन नारायणाचा हात हातात घेतला.

मग तो आमच्याकडे धावत आला, गुडघे फुटलेले आणि दात दाखवत. "काका, पहिला गोल तुमच्या नावावर लिवजा!"

झाडाखाली बसून आम्ही संत्री सोलली. तो मित्रांच्या गमती सांगत होता. मी मधेच म्हटलं, "नारायण, काका एकटे पडतात. पाडव्याले घरी येतोस का? कायमचा?"

"येतो ना माय," तो म्हणाला. सोलता हातही थांबला नाही.

तोच आवाज. त्याचे वडील चौथीत पहिले आले होते. त्यांना घरून सांगितलं की उद्यापासून औत धर, आणि ते 'बरं' म्हणाले. त्याबद्दल कधी कुरकुर नाही. नारायणाच्या पुस्तकावरून मी मोठ्यानं वाचायला शिकत होते तेव्हा ते चुलीशी बसून ऐकायचे. धडा त्यांच्या वेळचा निघाला की पुढची ओळ माझ्या आधी म्हणायचे, न पाहता.

"कायमचा नाही रे," मी म्हटलं. "उन्हाळ्याच्या सुट्टीत म्हनते मी."

"मंग तर येतोच!"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि सोललेलं संत्रं माझ्या हातात दिलं.

परतीला शिदोरी दोन ठिकाणी बांधली होती. गावात शिरलो तर बाया वाटेतच उभ्या. कोण जिंकलं? अमिनाबीनं सांगून टाकलं, "गोरेच जिंकले. पन आमच्या आरोळीनं लय घाबरले होते." ती हे अजूनही बांगड्या भरताना सांगते, आणि दर वेळी गोरे जास्त घाबरतात. मला विचाराल तर, खेळाचे नियम मला अजून नीट कळत नाहीत. संध्याकाळी घर मोठं वाटायचं, ते तसंच वाटतं. पण त्या दोन खांबांमधे उभा असलेला मुलगा डोळ्यांपुढून हलत नाही, आणि तो हलावा असं मला वाटतही नाही.

गावी परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊजींना सांगून त्यांच्या हाताखाली पाडव्यापासून वर्षभराचा सालदार गडी ठरवला, आणि त्याला वावराचे बांध दाखवायला स्वतः गेले.