पत्र्याच्या वर्गाची फीत

आमच्या शाळेत त्यांना सगळे तवाबाई म्हणतात. मागून म्हणतात, पण त्यांना ते ठाऊक आहे. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचा दुसरीचा वर्ग भरायचा आणि उन्हं वाढली की ती खोली अशी तापायची, की भिंतीला पाठ टेकवत नसे. बाकीच्या शिक्षकांनी ओळखीपाळखी लावून खालचे वर्ग मिळवले. बाईंना ते कधी जमलं नाही. मी शिकवते तो वर्ग त्यांच्या बरोबर खाली, त्यामुळे त्यांची खुर्ची सरकली तरी मला कळायचं.

उन्हाळ्यात त्या मुलांच्या डोक्यावर ओले रुमाल ठेवायच्या. रुमाल वाळला की उठायचं, नळावर भिजवून आणायचं, त्याला परवानगी लागत नसे. हातच्याची वजाबाकी वगैरे जड कामं सकाळीच उरकायची. दुपारी नुसती गोष्ट, तीही हळू आवाजात, कारण त्यांनाच धाप लागायची. तक्रारी किती केल्या त्यांनी! सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग कधीतरी सरकारला जाग आली. शाळा हिरव्या करायच्या, ऊन-पावसाला तोंड देतील अशा करायच्या, म्हणून पैसे निघाले. आमच्या वाट्याला एका खोलीपुरते आले. मुख्याध्यापकांचा डोळा स्वतःच्या ऑफिसवर होता. पण पाहणीला आलेला इंजिनियर भर दुपारी गच्चीवर गेला, गेला तसा खाली आला, पाणी मागून प्यायला आणि म्हणाला, "वरचीच खोली करा." त्या माणसाचं भलं होवो.

बाईंची निवृत्ती तोंडावर आली होती. "जाण्याआधी एकदा तरी त्या खोलीत धड शिकवायचंय मला," एवढंच त्या म्हणायच्या.

काम होईपर्यंत त्यांचा वर्ग सायकलच्या शेडमध्ये हलवला. आगीतून फुफाट्यात! शेडलाही पत्राच, शिवाय तिन्ही बाजूंनी झळा. वरच्या खोलीच्या पत्र्यावर पांढरा रंग चढला, पत्र्याखाली जाड थर घालून छत बसलं, समोरासमोर दोन मोठ्या खिडक्या निघाल्या, मावळतीच्या भिंतीला वेलासाठी जाळी लागली. काम वेळेत संपलं. खोली मात्र उघडली नाही. दारावर आडवी लाल फीत बांधून कुलूप घातलं, का तर मोठे साहेब येऊन उद्घाटन करणार. तारीख ठरायची, शिपाई गच्ची धुवायचा, तारीख पुढे जायची. तेवढ्यात वेल निम्म्या जाळीवर चढला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे खरं, पण बाईंपाशी सहा महिने कुठे होते? महिनाअखेरीस त्या घरी बसणार होत्या.

एका दुपारी शेडमध्ये टिंगी, म्हणजे वर्गातली सगळ्यांत लहान पोर, पाढा म्हणता म्हणता कोसळली. बाईंनी तोंडावर पाणी मारून तिला शुद्धीवर आणलं, उचलून माझ्या वर्गात आणून निजवलं आणि तशाच मुख्याध्यापकांकडे निघाल्या. मी त्यांच्या मागे.

"सर, वरची चावी द्या."

"बाई, जरा समजून घ्या. फीत बांधलीय. साहेब या शुक्रवारी नक्की..."

"फितीला हात लावत नाही मी. दार आत उघडतं. मुलं खालून जातील."

"आणि उद्या कुणी विचारलं तर?"

"सांगा, म्हातारी ऐकेना. नाहीतरी निघालेच आहे मी."

मुख्याध्यापक माणूस वाईट नाही, नुसता घाबरट आहे. त्यांनी खण उघडून चावी काढली आणि ते आमच्याबरोबर वर आले.

मुलं डोकी खाली घालून भराभर फितीखालून पसार झाली. बाईंचे गुडघे मात्र कधीच कामातून गेलेत. चौकट धरून त्या वाकायला गेल्या आणि अर्ध्यातच अडकल्या. मला काही सुचायच्या आत मुख्याध्यापकांनीच पुढे होऊन फीत दोन्ही हातांनी वर उचलून धरली.

"तुटायला नको हं," ते पुटपुटले. बाई आत गेल्या.

टिंगी जरा सावरल्यावर तिला घेऊन मी वर गेले. वारा एका खिडकीतून येऊन दुसरीतून जात होता. ओले रुमाल मुलांनी बाकांवर वाळत टाकले होते. बाई खुर्चीत बसल्या होत्या, डोळे लाल.

"बरं वाटतंय ना?" मी विचारलं.

"गार वाटतंय," त्या म्हणाल्या. "आणि राग येतोय. इतकं सोपं होतं का गं हे? वर पांढरा रंग, खाली एक थर, दोन खिडक्या. एवढ्यासाठी माझी इतकी मुलं भाजून निघाली?"

मी टिंगीला तिच्या बाकावर बसवलं. बाईंनी डोळे पुसले, टेबलाला धरून उठल्या आणि फळ्यावर हातच्याची एक वजाबाकी मांडली. भर दुपारी. एकाही मुलाने कुरकुर केली नाही.