दिवेलागणीचा शॉट

सिनेमातली रात्र बहुतेक वेळा रात्र नसते. आमच्यासारख्या गरीब कंपन्यांची तर नसायचीच. खरी रात्र उजळायची म्हणजे दिव्यांचा ताफा लागतो, आणि आमच्याकडे काय, तर एक खोकणारा जनरेटर, दोन मोठे दिवे आणि उजेड परतवायला चंदेरी कागद चिकटवलेले चार लाकडी फळे. साठच्या दशकात लोणावळ्याच्या डोंगरात मराठी सिनेमावाले यायचे, तेव्हा मी त्यांचा लाइटमन असायचो.

त्यावर आमची युक्ती होती. सूर्य बुडाला की दहा-बारा मिनिटं आभाळात निळसर उजेड रेंगाळतो, डोंगराची कड दिसत राहते. तेवढ्यात रस्त्यावर पाणी मारून ओल्या मातीवर दिवा टाकला, की पडद्यावर अस्सल रात्र उभी राहते. ती दहा मिनिटं हुकली की मात्र दिवस पाण्यात.

दिवेलागण होते तीही नेमकी त्याच वेळी. एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी एकाही शहाण्याच्या ध्यानात आली नाही. माझ्याही नाही, आणि मी तर तिथल्याच कुसगावात संसार थाटला होता.

प्रसंग असा होता की नायिका रात्री बैलगाडीतून गाव सोडून जाते आणि वाटेवर दहा-बारा बायका तिच्याकडे बघत उभ्या राहतात. बायका कुसगावच्याच आणल्या. त्यांत माझी बायको होती, आणि तो माझाच हट्ट होता. लग्नात तिने फोटो काढू दिला नव्हता. फोटो काढला की आयुष्य घटतं, असं तिच्या आईने तिच्या मनात भरवलं होतं. माझ्या घरात तिची एकही तसबीर नव्हती, आणि दुसऱ्यांच्या नट्यांवर आयुष्यभर उजेड पाडणाऱ्या माणसाला ते सलायचं. मी तिला म्हटलं, "अगं, हा फोटो नव्हे. ही हलती माणसं."

"आन् हालत्या मानसाचं आयुष्य न्हाई व्हय घटत?" तिने विचारलं. पण आली.

पहिल्या संध्याकाळी बायकांनीच विहिरीवरून हंडे आणून रस्ता भिजवला. गाडी निघाली, कॅमेरा फिरू लागला, मी दिवा टाकला. आणि त्या सगळ्या बायकांनी एकदम हात जोडले.

दिग्दर्शक पुण्याचा होता. तो जागच्या जागी नाचला. "अहो बाई, तो देव नाही, जनरेटर आहे!"

माझी बायको शांतपणे म्हणाली, "असंल की. उजेड तर खरा हाय न्हवं?"

सगळे हसले. मी हसलो नाही. कारण मी तिच्याकडेच बघत होतो. लाइटमनने दिव्याकडे बघायचं नसतं, उजेड जिथे पडतो तिथे बघायचं असतं. उजेड तिच्यावर पडला होता. हात जोडलेले, मान किंचित खाली, डोळे मिटलेले, ओठ काहीतरी पुटपुटत असलेले. घरी रोज कंदील लावताना ती हेच करायची, पण तेव्हा मी कुठल्यातरी डोंगरावर वायरी गुंडाळत असायचो. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मी ते पहिल्यांदा पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बजावलं. बाकीच्यांनी पाळलं. हिचे हात आपसूक वर आले. दिग्दर्शक म्हणाला, "त्या बाईला मागे अंधारात उभी करा. माझ्याकडे आता एकाच शॉटपुरती फिल्म उरलीय." मी त्याला शब्द दिला की आता चूक होणार नाही, पण तिला पुढेच राहू द्या.

तिसऱ्या संध्याकाळी मी तिच्याजवळ गेलो. "आजच्या दिवस हात जोडू नकोस. पदराखाली धर."

एरवी चार टोमणे मारले असते. त्या दिवशी नुसतं म्हणाली, "तुमी म्हनताय म्हनून."

मी एक फळा कुणाला न सांगता तिच्याकडे वळवला आणि दिवा टाकला. पदराखाली तिच्या मुठी आवळलेल्या मला दिसल्या. शॉट झाला, टाळ्या पडल्या. घरी येताना ती माझ्यापुढे भराभर चालत होती, आणि घरी कंदील लावल्यावर किती तरी वेळ हात जोडून उभी राहिली. मला ते पाठीमागून दिसलं.

तो सिनेमा आम्ही तळेगावला तंबूत पाहिला. चार मोजेपर्यंत ती पडद्यावर होती. शेंगा खाता खाता माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ही मी व्हय? चोरी केल्यागत उबी हाय." मी म्हटलं, छान दिसतेस. खोटं बोललो. उजेड चोख होता, चेहरा तिचाच होता, पण ती तिथे नव्हती. ती पहिल्या संध्याकाळच्या तुकड्यात होती, आणि तो तुकडा चुकला म्हणून कधीच फेकून दिला होता.

ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. फोटो तिने शेवटपर्यंत काढू दिला नाही, आणि त्या सिनेमाची प्रत मी विचारत फिरलो तरी कुणापाशी निघाली नाही. खरं सांगायचं तर निघाली असती तरी मला हवं ते त्या प्रतीत नव्हतंच. त्या दिवशी मी तिला हात जोडू द्यायला हवे होते. फार तर कंपनीचा सिनेमा अडला असता. मला तिची फार आठवण येते.

आता घरात वीज आहे. संध्याकाळी मी बटण दाबतो आणि जुन्या सवयीने दिव्याकडे पाठ करून बघतो, उजेड कुठे पडला ते. तो समोरच्या भिंतीवर पडलेला असतो.